बिनसाखरेचं घर

लाडवाचा घास तोंडात घेतला आणि मी चावायची थांबले.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारलं. "खडा लागला काय?"

"आक्का, ह्यात साखर आहे."

"साखर?" आक्का हसल्या. जरा घाईघाईनंच हसल्या. "ह्या घरात साखर कुठली आलीय? बेदाणाच गोड हाय ह्या सालचा. ऊन चांगलं लागलं नव्हं का औंदा."

बेदाण्याचं मला सांगत होत्या! माझा जन्म तासगावातला. माहेरी बेदाण्याचं अडत दुकान, सासरीही तेच. आमच्या दुकानात सौद्याला मी स्वतः बसायची आणि बाहेरगावचे व्यापारी आधी नाकं मुरडून मग माझ्याच शब्दावर माल उचलायचे. बेदाणा दाढेखाली धरला की तो कुठल्या सालचा, गंधकाची धुरी जास्त झालीय का, गोडी किती, सगळं कळायचं. बेदाणा जिभेवर हळूहळू गोड होतो आणि मागे थोडा आंबूसपणा ठेवून जातो. साखर तशी थांबत नाही. ती आल्या आल्या तोंडभर होते.

पण मी वाद घातला नाही, कारण मला भलताच आनंद झाला होता. मला चव आली होती! छातीचा कॅन्सर निघाल्यापासून, म्हणजे ऑपरेशन आणि त्यानंतरच्या केमोच्या सगळ्या महिन्यांत, माझ्या तोंडात खिळा धरल्यासारखी एकच चव असायची. आंबा खा, पिठलं खा, सगळं लोखंडाचं. मिरजेच्या डॉक्टरांनी आता केमो थांबवली होती. "कोर्स संपला, आता नुसती विश्रांती," असं आमचे हे सांगत आले तेव्हापासून मी दिवसाला एकेक चव परत गोळा करत होते. आधी मीठ आलं, मग चिंच, आणि त्या दिवशी गोड. बेदाण्याचं की साखरेचं ह्यावरून कशाला भांडत बसायचं?

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तशा भावाच्या घरी आल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला तो घेतलाच. मी दुकानात, त्या चुलीशी. नणंदभावजयींचं पटत नाही असं गावानं गृहीत धरलं होतं. आम्ही गावाची निराशा केली.

माझा आजार कळल्यावर मिरजेचे डॉ. मगदूम एवढंच म्हणाले होते, की केमोबरोबरच्या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते, तेवढी सांभाळा, बाकी आवडेल ते खा, पोटात अन्न गेलं पाहिजे. आक्कांनी त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि दुसरं दवाखान्यातच सोडलं. त्यात भजनी मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, की हा आजार साखरेवरच पोसतो. झालं. साखरेचा डबा उचलून शेजारच्या कोष्टींकडे रवाना. मी एकटीनं फिकं कसं प्यायचं, म्हणून सगळ्या घरानं साखर सोडली. दोन चमच्यांशिवाय ज्यांचा चहा होत नसे ते आमचे हे काढा घेतल्यासारखं तोंड करून चहा प्यायचे. पाहुण्यांनाही तोच. गणपतीत मोदकाच्या पोटात गुळाऐवजी खजूर गेला. गणपतीच्या कपाळाला आठी पडली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

"आक्का, खजुरात साखर नसते होय?" मी एकदा विचारलं होतं.

"ती देवानं घातलेली हाय," आक्का म्हणाल्या. वाद संपला.

पण काय काय करायच्या त्या माझ्यासाठी! खजूर आणि बेदाणा वाटून त्यात भाजलेले तीळ घालून लाडू. नाचणीची खीर, अंजिराची वडी, दुधी किसून त्याचा हलवा. मला काही गिळवत नसे तेव्हा लाडू हरभऱ्याएवढे वळायच्या आणि बोलता बोलता एकेक माझ्या तोंडात सरकवायच्या. आईनंसुद्धा माझे इतके लाड केले नव्हते. म्हणून पुढचं जास्त लागलं.

संध्याकाळी हे दुकानातून आले. मी कौतुकानं सांगितलं, "अहो, तुमच्या बहिणीनं चक्क लाडवात साखर घातलीय. मला कळलं की!"

ह्यांनी चपला काढल्या, त्या नीट जुळवून ठेवल्या. एरवी त्या अंगणभर असतात.

"डॉक्टरच म्हणाले, आता थोडी चालतीय म्हणून."

"मग आक्का नाही का म्हणाल्या?"

"तिला वाटलं असेल, तू खाणार नाहीस."

आक्कांनी चहा आणला. मी ह्यांच्या कपातला घोट घेऊन बघितला. फिक्का.

"साखर चालतीय तर तुम्ही का असला पिताय?"

"सवय झाली आता," हे म्हणाले आणि चहा गरम असताना संपवून टाकला.

मला हसू आलं. बहीणभावांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण दोघांनी मिळून एकच बोलायचं राहून गेलं होतं. वाटलं, काहीतरी बेत असेल. माझा वाढदिवस जवळ आला होता. मी बरी झाले म्हणून घरात काहीतरी शिजतंय, असं मी धरून चालले. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन धरून चालतं.

दोन दिवसांनी भर आठवड्यात पल्लवी आली. माझी लेक. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आक्का ह्या घरातल्या हवालदार, तर पल्लवी फौजदार. रोज फोनवर झडती: आई, बिस्किट खाल्लंस का, आई, उसाचा रस प्यायलीस का, खरं सांग. तीच पल्लवी दारातून आत आली, पिशवीतून आंबा बर्फीचा खोका काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला.

"खा गं आई."

"अगं, परीक्षा कधीय तुझी?"

"आहे की. पुढच्या आठवड्यात."

"मग आलीस कशी?"

"आले अशीच. तुझी आठवण आली." तिनं बर्फीचा तुकडा तोडून माझ्या तोंडात घातला आणि तोंड फिरवून खोक्याची दोरी गुंडाळायला लागली.

मी चावत होते. समोर आक्का पदर धरून उभ्या होत्या. हे वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि वरच्या काठावरून बघत होते. मी खातेय ते तिघंही बघत होते.

असं बघणं मला ठाऊक होतं. मी स्वतः तसं बघितलं होतं. आमच्या सासूबाईंना मधुमेह. जन्मभर आम्ही त्यांना गोडाला शिवू दिलं नाही. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं, त्या दिवशी आक्कांनी बासुंदी आटवली, मी वाटी धरली आणि आम्ही दोघींनी त्यांना चमच्यानं भरवली. "आज कशी काय दिली गं?" सासूबाईंनी विचारलं होतं. "आता चालतीय," असं हेच म्हणाले होते, अगदी ह्याच आवाजात. आमच्याकडं पथ्य असंच सुटतं. माणूस बरं झालं की सुटतं, नाहीतर बरं होणार नाही असं ठरलं की सुटतं.

बर्फी तोंडात होती. गिळायला वेळ लागला.

"छान आहे," मी म्हटलं. "अजून एक दे."

पल्लवी उठून आत गेली. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला.

मी कुणाला काही विचारलं नाही. ज्यांनी आधीच खोटं सांगितलंय त्यांना परत विचारून काय मिळणार? दुसऱ्या दिवशी हे सौद्याला गेले, आक्का देवळात, पल्लवी अंघोळीला. मी डोक्याला रुमाल बांधला, फाईल पिशवीत घातली आणि एसटी स्टँडवर जाऊन मिरजेच्या गाडीत बसले. कितीतरी महिन्यांनी एकटी बाहेर पडले होते. खिडकीला डोकं टेकून मी स्वतःला बजावत होते, की वैजू, तुला भलतेसलते संशय येतात, डॉक्टर हसतील आणि परत पाठवतील.

डॉ. मगदूम हसले नाहीत. मला बघून ते खुर्चीतून अर्धे उठले.

"तुम्ही? एकट्या आलात? दिनकरराव कुठायत?"

"दुकानात. डॉक्टर, माझी केमो का थांबवली?"

ते पुरते उठले. मग दाराशी जाऊन त्यांनी नर्सला कुणाला आत सोडू नको म्हणून सांगितलं, आणि परत येऊन टेबलाच्या पलीकडं न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"तुम्हाला घरी काय सांगितलंय?"

"कोर्स संपला म्हणून."

"संपला नव्हता. स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्या. म्हणजे जे औषध चाललं होतं ते लागू पडत नव्हतं, म्हणून थांबवलं. मी दिनकररावांना बोलावून सगळं सांगितलं होतं. दुसरं औषध आहे. कडक आहे, त्रास होणार. आजार मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही, पण दाबात राहू शकतो. कुणाकुणाचा वर्षानुवर्षं राहतो, कुणाचा नाही राहत."

"मग ते का नाही दिलंत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, दिनकरराव म्हणाले, घरी विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी फोन आला त्यांचा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती नको म्हणतेय."

मला आधी कळेचना, ती म्हणजे कोण. वाटलं आक्का असतील. मग कळलं.

"मी?"

"तुम्ही खूप थकलाय, तुम्हालाच आता काही नकोय, जेवढे दिवस आहेत तेवढे सुखानं जाऊ देत म्हणताय, असं म्हणाले. मी दोनदा बोललो त्यांच्याशी. तुम्हाला घेऊन या म्हटलं. म्हणाले, तिची यायची तयारी नाही."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"नातेवाईक सांगतात ते आम्ही धरून चालतो. पेशंटसमोर बोलायचं नाही, नातेवाइकांना बाहेर बोलवायचं, ही पद्धतच पडून गेलीय." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी तुम्हाला फोन करायला हवा होता. चुकलंच माझं."

यकृत, गाठी, हे शब्द कानात शिरले होते पण आत पोचले नव्हते. त्यांची भीती नंतर वाटली, सावकाश, पुष्कळ. त्या खुर्चीत बसून मला एकच गोष्ट दिसत होती. ह्या माणसाबरोबर मी पंचवीस वर्षं संसार केला. दुकानाच्या पाटीचा रंग मला विचारल्याशिवाय ज्यांनी ठरवला नाही, त्यांनी माझ्या तोंडून मरण मागून टाकलं होतं. माझ्या पाठीमागं, माझ्या नावानं, फोनवर.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी नको म्हणाले नाही. मला कुणी विचारलंच नाही. आता तुम्ही विचारा."

त्यांनी विचारलं. काय काय होईल ते सगळं सांगून विचारलं. मी हो म्हटलं.

घरी आले तर दारात तिघंही उभी. पल्लवीचे केस तसेच न विंचरलेले, आक्कांचं तोंड पांढरं पडलेलं. हे दुकान टाकून आले होते.

"अगं, कुठं गेली होतीस न सांगता?" हे ओरडले. "आम्ही सगळ्या गावात शोधायलोय!"

"मिरजेला. मगदुमांकडं."

मी आत जाऊन पाणी प्यायले, येऊन झोपाळ्यावर बसले. मला वाटलं होतं मी आकाशपाताळ एक करेन. सौद्यात आवाज चढवायची सवय असलेली बाई मी. पण आवाज निघाला तो अगदी बारीक निघाला.

"मी नको म्हणाले होते काय हो?"

ह्यांनी मान खाली घातली.

"सांगा की. कधी म्हणाले? कुठं बसून म्हणाले?"

"वैजू, मागच्या केमोला तू कशी झाली होतीस, आठवतंय का तुला? उलटीत रक्त पडलं होतं. रात्रभर ओरडायचीस. त्याच्यापेक्षा कडक औषध म्हणाले ते. आणि एवढं करून गुण येईलच असं पण नाही." ते झोपाळ्याची कडी धरून उभे राहिले. "तुझे हाल बघवत नव्हते."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे?"

"कुणाला बघवत नव्हते?"

ते म्हणाले, "मला."

"मग तुम्ही बघायचं नव्हतं. घरातनं निघून जायचं होतं. मी समजून घेतलं असतं. माझ्या तोंडात शब्द कशाला घातलात?"

पल्लवी माझ्या पायाशी येऊन बसली. "आई, बाबा म्हणाले, तुला कळलं तर तू खचशील."

"खचले असते तर माझी मी खचले असते. तुला कधीपासून माहीत होतं?"

तिनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. म्हणजे पहिल्यापासून. रोज फोनवर माझ्याशी बोलत होती ही पोरगी. मी तिला सांगत होते, की आज मीठ कळलं, आज चिंच कळली, आणि ती पलीकडून "वा आई, मस्त" म्हणत होती.

आक्का मात्र रडत रडत माझ्यासमोर आल्या. "वैजू, माझ्यावर राग धरू नको गं. दिन्या म्हणाला, आता काय राह्यलं नाही. मला वाटलं, किती दिवस फिकं फिकं घालायचं हिला? शेवटाला तरी तोंड गोड व्हावं. गोडाची चव तुला अजून आली नाही, म्हणून बेधडक घातली मी. तुला कळंल असं वाटलंच न्हाई."

शेवट. तो शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. तिघांना हेही सुचलं नव्हतं, की ज्या औषधानं माझी जीभ मेली होती तेच त्यांनी बंद पाडलं होतं. औषध थांबलं म्हणून चव आली आणि चव आली म्हणून मला समजलं. नाहीतर मी ते लाडू कौतुकानं खात खातच गेले असते आणि ह्या तिघांनी गावाला सांगितलं असतं, की शेवटपर्यंत आनंदात होती हो.

"गुरुवारी नवं औषध सुरू होतंय," मी म्हटलं. "मी हो म्हणून आलेय. ज्याला यायचंय त्यानं यावं. पण डॉक्टरांच्या खोलीत माझ्याबरोबर कुणी शिरायचं नाही."

हे आले. बाहेरच्या बाकावर बसले. पुढं दर वेळी आले आणि दर वेळी बाहेरच बसले. हाल तर ते म्हणाले होते तसेच झाले, त्यात ते खोटं बोलले नव्हते. नखं काळी पडली, पायांची कातडी सोलवटली. आजार गेला नाही, पण दबला. मग औषध बदललं, पुन्हा दबला. पल्लवीचं लग्न मी केलं. तिच्या मुलीचं नाव मी ठेवलं. डॉ. मगदूम आता नव्या डॉक्टरांना मला दाखवतात आणि मी पण ऐटीत बसून घेते.

आक्कांनी पुन्हा खजुराचे लाडू वळायला घेतले होते. शपथेवर बिनसाखरेचे. मी ते खायची. पण प्रत्येक लाडू आधी जिभेच्या टोकाला लावून बघायची आणि मगच तोंडात टाकायची. ते आक्कांना दिसायचं. त्या गेल्या तोवर मला ती खोड मोडता आली नाही, आणि खरं सांगायचं तर मी मोडायचा प्रयत्नही केला नाही. पल्लवी विचारते, आई, बाबांना माफ केलंस का. मी तिला म्हणते, त्यांचं जेवण, त्यांची औषधं, त्यांचे सदरे, सगळं बघतेय की मी.

मागच्या थंडीत ह्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. सांगलीला दवाखान्यात ठेवलं. तपासण्यांचे कागद हातात घेऊन एक तरुण डॉक्टर खोलीत आले, ह्यांच्याकडं बघून हसले आणि मला म्हणाले, "काकू, जरा बाहेर येता?"

"काय असेल ते इथंच सांगा," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर."

डॉक्टर घुटमळले, पण त्यांनी कागद उघडला. हे जागेच होते. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"नको वैजू," हे म्हणाले. "मला नाही ऐकायचं. तू ऐकून ये. काय ठरवायचं ते तूच ठरव."

मी खाली वाकले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "नीट सांगा. तुम्हाला खरंच नको? तुमचं मन सांगा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"नको," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांबरोबर बाहेर गेले. ह्यांना मी विचारलं होतं.